गॅरेजच्या फोनवरचं इंग्रजी : साताऱ्यातल्या चार महिन्यांच्या नोंदी

आमचं गॅरेज साताऱ्यात, पुणे-बंगळूर महामार्गाच्या सेवारस्त्याला. गाडीखालचं काम दादा आणि मिस्त्री बघतात. फोन, बिलं, पार्ट मागवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे. शिक्षण बी.कॉम., सगळं मराठी माध्यमात. इंग्रजी वाचून समजतं, पण समोरून कोणी बोलायला लागलं की माझी दातखीळ बसायची. गॅरेज, टुरिस्ट गाड्या, टायरचं दुकान किंवा पेट्रोल पंप सांभाळणाऱ्या आणि याच अडचणीत असलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवल्या. चुका, खर्च, वाया गेलेले दिवस, सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे.

३ जून २०२४

सुरुवात कशामुळे झाली ते आधी. मे महिन्याच्या शेवटी तमिळनाडूचं एक कुटुंब पुण्याकडून येत होतं. खंबाटकी घाट चढतानाच इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेलेला, तरी त्यांनी गाडी तशीच दामटली आणि आमच्या दारात येऊन बंद पडली. मिस्त्रींनी रेडिएटरचं झाकण काढलं, ऑइलची पट्टी बघितली. ऑइल चहासारखं झालेलं. हेड गॅस्केट, म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आणि ऑइल वेगळं ठेवणारं इंजिनमधलं पॅकिंग, गेलं होतं. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायचं, फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवायचं, दोन दिवस लागणार. त्यांना हिंदी येत नव्हतं. मी एवढंच बोलू शकले, "बिग प्रॉब्लेम सर, टू डेज." त्यांनी तीनदा विचारलं, काय झालंय? मी तीनदा तेच सांगितलं. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की ही माणसं आपल्याला लुबाडणार. टोइंग बोलावून ते गाडी घेऊन गेले. काम गेलं त्याचं इतकं नाही, पण खरं सांगत असूनही खोटं ठरलो, हे फार लागलं.

ठरवलं ते असं: चार महिने, रोज एक तास, सकाळी शटर उघडल्यावर. एक दोनशे पानी वही, ६० रुपये.

६ जून

शहरातल्या एका इंग्रजी बोलण्याच्या क्लासला नाव घातलं. ६,००० रुपये, सगळे आधीच भरावे लागले. संध्याकाळी सहा ते साडेसात. त्या वेळेला गॅरेजात गाड्या द्यायची गर्दी असते, म्हणून दादा कुरकुरला, पण म्हणाला, "जा तू, मी बघतो."

१८ जून

क्लास सोडला. अकरा दिवस गेले. रोज उभं राहून स्वतःची ओळख, आवडता छंद, माझं गाव. माझं गाव मी चार वेळा सांगितलं. शिकवणारे वाईट नव्हते, पण वर्गात पस्तीस जण, आणि माझ्या वाट्याला बोलायला दिवसाला दोन मिनिटं यायची. मी विचारलं की गाडीच्या कामाचं काही घेता येईल का, तर म्हणाले की आधी पाया पक्का करा. पैसे परत मिळत नाहीत. ६,००० रुपये आणि अकरा संध्याकाळी, असा हिशेब लिहून ठेवते. हे शिकणाऱ्याला माझं सांगणं, पैसे भरण्याआधी एक दिवस फुकट बसू देतात का ते विचारा.

२० जून

आज वेगळी सुरुवात केली. वही घेऊन दिवसभर गॅरेजात उभी राहिले आणि दादा, मिस्त्री, पोरं जे बोलतात त्यातला एकेक इंग्रजी शब्द टिपला. संध्याकाळपर्यंत १४३ झाले. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गॅस्केट, पिस्टन, नोझल, फिल्टर, कूलंट, बुश, लिंक रॉड, फॅन बेल्ट, अलाइनमेंट. मला इंग्रजी येत नाही म्हणून मी क्लासला जात होते, आणि इथं सातवी शिकलेले मिस्त्री दिवसाला दीडशे इंग्रजी शब्द वापरतात.

मिस्त्रींना यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "ताई, ही सगळी सामानाची नावं झाली. सामान हाय आपल्याकडं. त्याचं काय झालंय ते सांगायचं येत न्हाई." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे.

२१ आणि २२ जून

१४३ शब्दांचे तीन ढीग केले.

पहिला ढीग जसाच्या तसा चालणारा. ब्रेक, गिअर, टायर, बॅटरी, बंपर. हा सगळ्यात मोठा, नव्वदच्या वर. यात काही करायचं नाही.

दुसरा ढीग उच्चार बदललेला. आपण ॲक्सिलेटर म्हणतो, मूळ ॲक्सेलरेटर. आपण चेसिस म्हणतो, मूळ उच्चार शॅसी, कारण शब्द फ्रेंचमधून आला आणि शेवटचा एस बोलत नाहीत. भारतात चेसिस म्हटलं तरी कळतं, मात्र समोरच्याने शॅसी म्हटलं तर आपल्याला कळायला हवं. माझा नियम असा झाला की स्वतः बोलताना फार जीव काढायचा नाही, ऐकताना दोन्ही माहीत असावेत.

तिसरा ढीग छोटा पण घातक. हे शब्द आपल्याला इंग्रजी वाटतात, पण बाहेरच्या माणसाला कळत नाहीत. स्टेपनी, डिकी, सेल्फ, ॲव्हरेज, पिकअप, डिपर. महाबळेश्वर-पाचगणीला परदेशी पाहुणे येतात, त्यांच्यातल्या एकाला मी मागच्या वर्षी "युअर स्टेपनी इज पंक्चर" म्हटलं होतं आणि तो नुसता बघत राहिला होता. आज कारण कळलं. स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याचं नाव. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचं, ते १९०४ च्या सुमारास त्या रस्त्यावरच्या दुकानाने काढलं आणि दुकानाचं नाव चाकाला चिकटलं. तिकडे लोक तो शब्द विसरले, आपण धरून ठेवला. त्यांना स्पेअर व्हील म्हणायचं. डिकीही तशीच. जुन्या मोटारीत मागे उघडून बसायची एक जादा जागा असे, तिला डिकी सीट म्हणत. आज ब्रिटिश माणूस सामानाच्या जागेला बूट म्हणतो, अमेरिकी ट्रंक.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर. ॲव्हरेज किती देते याला फ्युएल इकॉनॉमी किंवा मायलेज. पिकअप नाही म्हणजे "द कार लॅक्स पॉवर". डिपर म्हणजे लो बीम.

२३ ते २८ जून

आठवडा फुकट गेला. गॅरेजच्या मागे दादाची एक जुनी गाडी सुट्या भागांसाठी ठेवली आहे. तिच्या प्रत्येक भागावर इंग्रजी नावाचं स्टिकर लावायचं ठरवलं. छपाईला २४० रुपये. तिसऱ्या दिवशी पाऊस आत आला, चौथ्या दिवशी ग्रीसच्या हातांनी निम्मी स्टिकरं निघाली, आणि सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ती टिकली असती तरी उपयोग नव्हता. बोनेटवर बोनेट लिहून मी काय नवीन शिकले? मिस्त्रींनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की नावं आपल्याकडे आहेत, तरी मी नावांच्याच मागे लागले.

३० जून

ब्रिटिश आणि अमेरिकी शब्दांची जोडी एका पानावर लिहून फोनशेजारी चिकटवली. हे लवकर झालं, एका सकाळीत. आपले शब्द बहुतेक ब्रिटिश आहेत: बोनेट, विंडस्क्रीन, सायलेन्सर, स्पॅनर, गिअरबॉक्स, नंबर प्लेट, पेट्रोल. अमेरिकी लोक अनुक्रमे हूड, विंडशील्ड, मफलर, रेंच, ट्रान्समिशन, लायसन्स प्लेट आणि गॅस म्हणतात. व्हिडिओ बघून शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी अमेरिकी शब्द असतात, आणि पार्टच्या काही कॅटलॉगमध्येही हूड आणि फेंडर असंच छापलेलं असतं, म्हणून दोन्ही लागतात. ट्रंक मला एका फटक्यात पाठ झाला, कारण आजीची लोखंडी ट्रंक अजून माळ्यावर आहे. अमेरिकेत सुरुवातीला मोटारीच्या मागे खरोखरच अशी पेटी बांधत, त्यावरून ते नाव पडलं. आजीची ट्रंक डोळ्यांसमोर आली की शब्द आठवतो.

५ जुलै

आज चूक झाली आणि तिच्यामुळे पुढची दिशा सापडली. हुबळीच्या एका गिऱ्हाइकाची गाडी तयार झाली म्हणून फोन केला. मराठीत आपण म्हणतो, "तुमची गाडी झाली." मी म्हटलं, "सर, युअर कार इज फिनिश्ड." पलीकडे शांतता. मग ते घाबरून विचारायला लागले की काय झालं, आग लागली का, कुणी धडकवली का. शेवटी दादाने कन्नड येणाऱ्या शेजारच्या टायरवाल्याला फोन दिला. "युअर कार इज रेडी" म्हणायचं होतं. एका शब्दाने त्या माणसाचा जीव टांगणीला लागला.

६ ते १२ जुलै

आठवडाभर फक्त क्रियापदं. पद्धत अशी: मिस्त्री मराठीत जे वाक्य बोलतात ते वहीत डावीकडे लिहायचं, शब्दाला शब्द ठेवून केलं तर काय होतं ते मनात बोलायचं, आणि मग खरं इंग्रजी वाक्य शोधून उजवीकडे लिहायचं. शोधायला दोन आधार: भावाच्या मुलीचा शाळेतला शब्दकोश, आणि गाडीबरोबर मिळणारं मालकाचं पुस्तक. हे पुस्तक प्रत्येक गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये पडून असतं आणि कुणी उघडत नाही. साधी, छोटी वाक्यं असतात, शिकायला त्याच्याइतकं चांगलं मला दुसरं काही सापडलं नाही, आणि फुकट.

वहीतली काही पानं इथे उतरवते.

गिअर पडत नाही. आपल्याकडे गिअर पडतो, इंग्रजीत गाडी गिअरमध्ये जाते: "इट वोन्ट गो इन्टू गिअर." बॅटरी उतरली, तर "द बॅटरी इज फ्लॅट", अमेरिकी असेल तर "डेड". ब्रेक लागत नाही याला मी पूर्वी काहीतरी "नॉट ॲटॅचिंग" म्हणत असे; साधं "द ब्रेक्स आर नॉट वर्किंग" पुरतं. गाडी रस्त्यात उभी राहिली म्हणजे "ब्रोक डाउन". इंजिन खोललंय म्हणजे "वी हॅव टेकन द इंजिन अपार्ट". ब्रेकचे पॅड झिजले, "द पॅड्स आर वोर्न आउट". बेल्ट तुटला, "द बेल्ट हॅज स्नॅप्ड". पेट्रोल संपलं, "यू हॅव रन आउट ऑफ पेट्रोल". कूलंट थोडं घातलं, "वी टॉप्ड अप द कूलंट". गाडी बाजूला घ्या, "प्लीज पुल ओव्हर".

आपलं इंजिन ऑइल खातं, त्यांचं जाळतं: "इट इज बर्निंग ऑइल." खरं तर जळतंच ते. पण गाडी एका बाजूला ओढते, हे मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखं, "इट पुल्स टू वन साइड". अशी जोडी सापडली की फार आनंद होतो. मिस्त्रींना सांगितलं तर तेही खूश झाले.

१६ जुलै

सगळ्यात महाग पडलेली चूक. सकाळी साडेआठला फोन आला, गाडी उंब्रजजवळ बंद, गिऱ्हाईक बंगळूरचं. रस्त्यावर पाऊस, ट्रकचे आवाज. मला ऐकू आलं "इट्स लीकिंग". मिस्त्रींना म्हटलं, गळतंय. ते होजपाइप, क्लिप, कूलंटचा डबा घेऊन निघाले. तिथे जाऊन बघतात तर थेंब गळत नव्हता. चावी फिरवली की नुसतं कट कट कट वाजत होतं. तो माणूस "इट्स क्लिकिंग" म्हणाला होता. बॅटरी उतरलेली. जोड द्यायच्या वायरी गॅरेजात राहिल्या. मिस्त्री परत आले, पुन्हा गेले. डिझेल ६०० रुपये, साडेतीन तास, आणि गिऱ्हाईक तेवढा वेळ बायकोमुलांसह पावसात. पैसे घ्यायला मनच झालं नाही, फक्त बॅटरीचे घेतले.

मिस्त्री मला एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी दोन वाक्यं लिहून फोनच्या वर चिकटवली. एक, "लेट मी रिपीट दॅट." ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, प्रत्येक वेळी, लाज न बाळगता. दोन, ऐकलेल्या शब्दाची खात्री करणारा दुसरा प्रश्न विचारायचा. गळतंय असं वाटलं तर "इज देअर एनी लिक्विड ऑन द ग्राउंड?" जमिनीवर काही सांडलंय का, एवढं त्या सकाळी विचारलं असतं तर सगळं वाचलं असतं.

१७ जुलै ते ४ ऑगस्ट : आवाज

उंब्रजच्या चुकीनंतर हे काम सगळ्यात वर घेतलं, आणि या प्रकल्पातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच ठरला. गिऱ्हाईक फोनवर पार्टचं नाव कधीच सांगत नाही. त्याला आवाज ऐकू येतो, तो आवाज सांगतो. आणि मिस्त्री तर आवाजावरच निम्मी गाडी ओळखतात. म्हणजे मधल्या माणसाला, मला, दोन्ही भाषांतले आवाज आले पाहिजेत.

पद्धत: अशी आवाज करणारी गाडी आली की दादाच्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. मिस्त्री त्याला मराठीत काय म्हणतात ते लिहायचं. मग इंग्रजी शब्द. एकोणीस दिवसांत बावीस रेकॉर्डिंग झाली. पहिली सहा निरुपयोगी होती, शेजारी कंप्रेसर चालू. नंतर जेवणाच्या सुट्टीत करायला लागलो.

ग्राइंडिंग. ग्राइंड म्हणजे दळणे. पॅड पूर्ण संपून लोखंडावर लोखंड घासतं तेव्हा जात्यासारखी घरघर येते, तीच ही. हा शब्द आला की गिऱ्हाइकाला गाडी पुढे आणू द्यायची नाही, जिथे आहे तिथे थांबवायची.

स्क्वील म्हणजे किंचाळणे. ब्रेक दाबल्यावर बारीक कर्णकर्कश आवाज. पॅड संपत आल्याची सूचना देणारी छोटी पत्री काही पॅडना असते, ती डिस्कला घासते. हाच आवाज बॉनेटखालून, पावसात गाडी सुरू करताना आला तर ढिला बेल्ट.

रॅटल. याचा दुसरा अर्थ खुळखुळा, तान्ह्या बाळाचा. हे शब्दकोशात वाचलं आणि पुन्हा कधी विसरणं शक्य नाही. सायलेन्सरवरची पत्र्याची ढाल सुटली की गाडी अगदी खुळखुळ्यासारखी वाजते.

नॉक म्हणजे दार ठोठावणे, ठक ठक. इंजिनच्या आतून येत असेल तर गंभीर, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. क्लंक हा त्याचा जाडजूड भाऊ, खड्ड्यात एकदाच येणारा धडक आवाज; सस्पेंशनमधला बुश किंवा लिंक रॉड.

क्लिक आता जन्मभर लक्षात राहील. चावी फिरवल्यावर भराभर कट कट कट म्हणजे बहुधा बॅटरी. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी चालवताना कट कट म्हणजे एक्सलचा जॉइंट. म्हणून क्लिक ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "व्हेन यू स्टार्ट, ऑर व्हेन यू टर्न?"

हम म्हणजे गुणगुणणे. व्हील बेअरिंग गेलं की वेगाबरोबर वाढत जाणारी घूं. मिस्त्री याला "भुंगा लागलाय" म्हणतात. व्हाइन म्हणजे कुत्र्याचं कुईं कुईं. हिस म्हणजे सापाचा फुत्कार, कुठेतरी हवा किंवा वाफ निसटतेय. स्क्वीक म्हणजे नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपलेची कुरकुर.

एक गोष्ट शिकणाऱ्याने लक्षात घ्यावी. हे शब्द यादी करून पाठ होत नाहीत. मी आधी तसं केलं, तीन दिवसांत स्क्वील आणि स्क्वीक एक झाले. आवाज कानात आणि शब्द तोंडात एकाच वेळी आले तरच बसतात. आता रोज सकाळी मी रेकॉर्डिंग लावते, न बघता शब्द बोलते. मदतीला असलेला पोरगा माझ्याबरोबर बसायला लागला आहे, तो माझ्यापेक्षा लवकर ओळखतो.

प्रश्न पाचच ठरवले: आवाज कधी येतो? ब्रेक मारताना, वळताना, खड्ड्यात, की गाडी थंड असताना? पुढून की मागून? वेगाबरोबर वाढतो का? कधीपासून? गाडी चालवताना आणखी काही वेगळं वाटतं का? इंग्रजीत प्रत्येकाचं वाक्य पाच-सहा शब्दांचं. चौथा प्रश्न मी "सिन्स व्हेन" असा सुरू करायची, आता "हाऊ लाँग हॅज इट बीन डुइंग दिस?" म्हणते, त्याला उत्तर नीट येतं.

९ ऑगस्ट

बिलबुकं छापून आली. २० बुकं, १,८०० रुपये. पार्टच्या नावांची यादी मी स्वतः इंग्रजीत दिली होती. त्यात ब्रेक पॅड, ब्रेक शू, ब्रेक ऑइल या तिन्हींत बी-आर-ई-ए-के छापून आलंय. ते मोडणे. गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई. देवनागरीत दोन्ही एकसारखे, उच्चारही तोच, म्हणून माझ्या डोळ्याला खटकलंच नाही. छापखान्याची काही चूक नाही. सगळी बुकं पुन्हा छापायला परवडणार नाहीत. ब्रेकची कामं हाताने खोडून लिहिते आहे. छापायला देण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावं, भाचीला दाखवलं असतं तर तिने पाच मिनिटांत पकडलं असतं.

१४ ऑगस्ट

चुकीचा पार्ट आला. गिऱ्हाइकाने फोनवर चेसिस नंबर सांगितला, मी बी लिहिलं, होतं डी. परत पाठवायचा खर्च ३५० रुपये आणि गाडी दोन दिवस जादा उभी. बी, डी, पी, टी, व्ही हे फोनवर एकसारखे ऐकू येतात. आता बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे, टी फॉर टायर, व्ही फॉर वॉल्व्ह असं म्हणते आणि समोरच्यालाही तसंच विचारते. दादाकडून आणखी एक उपयोगी गोष्ट कळली. चेसिस नंबरात १७ अक्षरं-आकडे असतात, आणि आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. म्हणजे कुणी "ओ" म्हणालं तर डोळे मिटून शून्य लिहायचं. मोजून १७ झाले का बघायचं. शक्य असेल तर आरसीचा फोटोच मागवायचा.

२ सप्टेंबर

वाईट बातमी सांगायची भाषा. हा भाग मी खूप पुढे ढकलला होता.

आज एका बाईंनी म्हटलं, "आय ॲम अफ्रेड आय कान्ट वेट टिल इव्हनिंग." मी त्यांना धीर दिला की घाबरू नका, आमचं गॅरेज सुरक्षित आहे. त्यांना वाटलं मी त्यांचं ऐकतच नाहीये, आणि त्या चिडल्या. भाचीने संध्याकाळी समजावलं, इथे भीतीचा संबंध नाही. नको असलेली गोष्ट हळुवार सांगायची असली की तसं सुरू करतात. आपण "माफ करा, पण" म्हणतो ना, तसं. आता मीही वापरते: "आय ॲम अफ्रेड इट विल टेक टू डेज." "टू डेज, बिग प्रॉब्लेम" यापेक्षा समोरचा माणूस किती शांतपणे ऐकतो!

पैशांचं बोलताना "इट विल कॉस्ट अराउंड" असं सुरू करून लगेच त्यात काय काय येतं ते सांगायचं, मजुरीला लेबर. आणि एक वाक्य दादाने मला मुद्दाम पाठ करायला लावलं: "वी विल कॉल यू बिफोर वी डू एनीथिंग एक्स्ट्रा." जादा काही निघालं तर विचारूनच करू. आमच्या गॅरेजची ही रीत पंधरा वर्षांची आहे, इंग्रजीत ती आज पहिल्यांदा सांगितली.

१५ सप्टेंबर

कासचा हंगाम. शनिवार-रविवार यवतेश्वर घाट उतरून गाड्या येतात, ब्रेकचा जळका वास घेऊन. फुलं बघून खाली येताना लोक ब्रेकवरून पायच काढत नाहीत. इंग्रजीत याला "रायडिंग द ब्रेक्स" म्हणतात, ब्रेकवर स्वार होणं. अर्ध्या क्लचवर चालवण्यालाही तसंच, "रायडिंग द क्लच". आज चार गिऱ्हाइकांना सांगितलं, "डोन्ट राइड द ब्रेक्स, यूज अ लोअर गिअर." हैदराबादचा एक तरुण पहिल्यांदाच घाटात गाडी चालवत होता, त्याने थांबून नीट विचारून घेतलं, आणि मी दहा मिनिटं इंग्रजीत बोलत होते हे मला नंतर लक्षात आलं.

वास आणि धुराचे शब्द याच दिवसांत केले. गोडसर वास, "अ स्वीट स्मेल", म्हणजे कूलंट गळतंय. सडक्या अंड्याचा वास, "रॉटन एग्ज", बॅटरी जास्त चार्ज होत असेल तर येतो. पांढरा धूर सतत येत असेल तर कूलंट जळतंय, निळा असेल तर ऑइल, काळा असेल तर इंधन जास्त. रंगांची नावं पहिलीपासून येतात, त्यामुळे हे दोन दिवसांत झालं.

२९ सप्टेंबर

कोइंबतूरची गाडी. पुन्हा काटा लालमध्ये, पुन्हा ऑइल चहासारखं. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं.

गिऱ्हाइकाला मी गाडीजवळ नेलं. ऑइलची पट्टी त्यांच्या हातात दिली. सांगितलं की ऑइल मिल्की झालंय, म्हणजे कूलंट त्यात मिसळलंय, म्हणजे हेड गॅस्केट फुटलंय. हेड कदाचित वाकलंही असेल, ते उतरवल्याशिवाय कळणार नाही. वाकण्याला "वॉर्प्ड". कमीत कमी दोन दिवस, खर्च अंदाजे इतका, हेड सरळ असेल तर कमी. आणि गाडी अशीच चालवली तर इंजिन बसेल. बसण्याला मी "सीझ" म्हटलं, तो शब्द मिस्त्रींच्याच १४३ मधला. त्यांनी सात-आठ प्रश्न विचारले. दोन मला कळले नाहीत, परत विचारले, कळले.

काम आम्हाला मिळालं नाही. गाडी वॉरंटीत होती, ती कंपनीच्या वर्कशॉपलाच न्यावी लागणार होती, आणि ते बरोबरच होतं. टोइंग येईपर्यंत ते आमच्याकडे बसले, चहा घेतला, कंदी पेढे कुठले चांगले ते विचारलं. जाताना पट्टीचा फोटो काढून घेतला आणि मिस्त्रींचा हात हातात घेऊन म्हणाले की इतकं नीट त्यांना आजवर कुठल्या गॅरेजात कुणी सांगितलं नव्हतं. मी ते मिस्त्रींना मराठीत सांगितलं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि हात पुसायला चिंधी शोधायला लागले.

६ ऑक्टोबर

आजवरचा खर्च: क्लास ६,०००, स्टिकरं २४०, डिझेल ६००, बिलबुकं १,८००, पार्ट परत पाठवणं ३५०, वह्या १२०. एकूण ९,११०. यातले प्रत्यक्ष शिकायला उपयोगी पडले ते वह्यांचे १२०.

अजून जमत नाही ते: केरळकडची माणसं भराभर बोलतात तेव्हा पहिलं वाक्य निसटतं. विम्याच्या सर्वेअरशी बोलताना अडखळते. पोचा म्हणजे डेंट, ओरखडा म्हणजे स्क्रॅच, तडा म्हणजे क्रॅक इथपर्यंत आलंय, पण अपघात कसा झाला ते भूतकाळात सलग सांगता येत नाही. पुढचा महिना त्याला.

आवाजांची रेकॉर्डिंग आता एकतीस झाली आहेत. व्हाइनचा चांगला नमुना अजून मिळालेला नाही. उद्या कोरेगावची एक गाडी येणार आहे, स्टिअरिंग वळवलं की कुईं करते म्हणे. पोऱ्याला सांगून ठेवलंय, मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी कंप्रेसर बंद कर.